किल्लीवाल्याचं यंत्र आणि गिटारचा घुमट

'हाताने कोरलेली' अशी चिठ्ठी असली की गिटारची किंमत चढते, आणि मशीनवर कोरली म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं कधी पटलं नाही.

कोरीव आर्चटॉप गिटारची वरची फळी व्हायोलिनसारखी घुमटाकार असते. ती वाकवत नाहीत. मधोमध सांधलेली, इंचभर जाडीची स्प्रूसची (एक सूचिपर्णी झाड) फळी घ्यायची आणि घुमट सोडून बाकीचं लाकूड आतून-बाहेरून काढून टाकायचं. मध्यावर साधारण 6 मिमी जाडी उरते, कडेला त्याहून कमी. ऑर्व्हिल गिब्सनने अमेरिकेतल्या कलामाझूत अशा कोरीव घडणीच्या मँडोलिनचं पेटंट 1898 साली घेतलं. गिब्सन कंपनीची गाजलेली, अशीच कोरीव एल-5 गिटार 1922 ची. फळीचा बराचसा भाग शेवटी ढलप्यांच्या ढिगात जातो, आणि तो पटाशीने काढताना मनगट बोलायला लागतं.

म्हणून कॉपी कार्व्हर, म्हणजे नक्कल करत कोरणारं यंत्र. कोपऱ्यावरचा किल्लीवाला आठवा. एका शिकंज्यात जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी. जुनीच्या दात्यांवरून एक बोथट टोक सरकतं आणि शेजारी कटर कोरीवर तीच वळणं उठवतो. गिटारचं यंत्र त्याचंच थोरलं भावंड: एका दांड्यावर राउटर (वेगाने फिरणारा कटर) आणि शेजारी फर्मा, म्हणजे नमुन्याचा घुमट, चाचपणारं गोल 'बोट'. दांडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतो, पण तिरका होत नाही. कल्पना जुनीच. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट म्हातारपणी माळ्यावर पुतळ्यांची नक्कल करणारं यंत्र बनवत बसला होता. तो 1819 मध्ये वारला आणि त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे दस्ते कोरणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं.

आता माझा लाडका भाग. बोटाचा गोळा आणि कटरचा गोळा एकाच मापाचे असतील, तर नक्कल बरहुकूम. पण बोट 7 मिमी त्रिज्येचं आणि कटर 6 चा घेतला तर? बोटाचं केंद्र फर्म्याच्या पृष्ठापासून नेहमी 7 मिमीवर राहतं, तेही पृष्ठाशी काटकोनात. कटरचं केंद्र तीच वाट चालतं, पण लाकूड 6 मिमीपर्यंतच खातं. म्हणजे सगळीकडे बरोबर 1 मिमी लाकूड शिल्लक! तेच कटर नुसता 1 मिमी वर उचलून करायला जाल, तर सपाटीवर 1 मिमी उरेल, पण 30 अंशांच्या उतारावर फक्त 0.87. गोळा मात्र उताराला फसत नाही. तो फसतो अरुंद दरीत: फर्म्यावरचा खोलगट भाग गोळ्याहून घट्ट वळणाचा असेल, तर बोट तळाला टेकतच नाही.

फेऱ्यांमधलं अंतरही बघा. दोन फेऱ्यांत उरणाऱ्या वरंब्याची उंची म्हणजे अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट. 6 मिमी त्रिज्येचा कटर 3 मिमी अंतराने फिरवला की 0.19 मिमीचे वरंबे. अंतर निम्मं केलं की उंची पावपट.

तो जास्तीचा मिलिमीटर कशाला? यंत्र आकार उचलतं, लाकूड नाही. एकाच फर्म्यावरच्या दोन फळ्यांची घनता आणि ताठपणा वेगळा असतो. त्यात ताठपणा जाडीच्या घनावर चालतो: 4 मिमीची 3.6 केली की 27 टक्के गेला. युरोपात अमावास्येच्या सुमारास तोडलेलं स्प्रूस जास्त चांगलं म्हणून चढ्या भावाने विकतात. पंचांग कशाला हवं? वजनकाटा घ्यावा, फळी थोडी वाकवून बघावी.

मग मशीन बंद. हलकी, मऊ निघालेली फळी जरा जाड ठेवायची, ताठ निघालेली आणखी उतरवायची. कडेच्या खोलगट पट्ट्यावरून स्क्रेपर (लाकूड खरवडायची पोलादी पट्टी) दोनदा फिरवायचा, फळी दोन बोटांत लटकती धरायची, टिचकी मारून ऐकायचं, आणि पुन्हा स्क्रेपर.