सेलेब्रिनी की मिचकॉव्ह? कॉल्डर करंडकाची पात्रता, कागदपत्रे आणि मतदानाची पद्धत

नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजेच एनएचएलचा, २०२४-२५ चा नियमित हंगाम संपला तेव्हा दोन नवोदित फॉरवर्डच्या (आक्रमक फळीतील खेळाडूंच्या) नावापुढे एकच आकडा उभा होता. सॅन होजे शार्क्सचा मॅकलिन सेलेब्रिनी याचे ६३ गुण झाले होते आणि फिलाडेल्फिया फ्लायर्सचा मात्वेई मिचकॉव्ह याचेही ६३. आइस हॉकीत स्वतः केलेला गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले साहाय्य, म्हणजे असिस्ट, या दोन्हींसाठी प्रत्येकी एक गुण धरला जातो. सेलेब्रिनीचे २५ गोल व ३८ असिस्ट होते, मिचकॉव्हचे २६ गोल व ३७ असिस्ट. या दोघांतला सरस कोण, हा वाद रंगवण्याआधी लीगच्या लेखी ‘रुकी’, म्हणजे नवोदित, कोण, तो दर्जा कोणत्या नोंदींवर ठरतो आणि सर्वोत्तम रुकीला मिळणारा कॉल्डर स्मृती करंडक कोणत्या पद्धतीने दिला जातो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तुलनेच्या चौकटीचा बराचसा भाग या नियमांनीच आखलेला आहे.

अर्ज नाही, नोंद आहे

या करंडकासाठी कोणीही अर्ज करीत नाही. खेळाडूने, त्याच्या एजंटने किंवा संघाने भरावयाचा नमुना अस्तित्वात नाही आणि नामनिर्देशनाची अंतिम तारीखही नाही. लीगच्या अधिकृत सामनापत्रकांतून खेळाडूचे किती सामने झाले याची नोंद होत राहते, त्याची जन्मतारीख करारासोबत लीगकडे आलेली असते, आणि या दोन गोष्टींवरून तो पात्र आहे की नाही हे आपोआप ठरते. दाखले आणि साक्षांकित प्रती जोडण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटेल, पण कागदपत्रांचा खरा व्याप येथे करंडकाच्या टप्प्यावर नसून त्याच्या पुष्कळ आधी, करार आणि परदेशी खेळाडूचा अमेरिकेतील प्रवेश या टप्प्यांवर असतो.

पात्रतेच्या तीन अटी

पहिली अट अशी की खेळाडू यापूर्वीच्या कोणत्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेला नसावा. दुसऱ्या अटीनुसार, यापूर्वीच्या कोणत्याही दोन हंगामांत त्याने प्रत्येकी सहा किंवा त्याहून अधिक सामने खेळलेले नसावेत. या दोन अटी एकत्र वाचल्या की एक गंमत लक्षात येते. एका हंगामात २५ आणि दुसऱ्या हंगामात पाच असे एकूण ३० सामने खेळलेला खेळाडू रुकी राहू शकतो, पण सात आणि आठ असे अवघे १५ सामने दोन हंगामांत विभागून खेळलेला खेळाडू मात्र अपात्र ठरतो. तिसरी अट वयाची आहे: त्या हंगामातील १५ सप्टेंबरपर्यंत खेळाडूला वयाची २६ वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

सामन्यांची मोजणी ‘प्रमुख व्यावसायिक लीग’मधील सामन्यांची होते, आणि वादाचे मूळ या शब्दांत आहे. वेन ग्रेट्झ्कीने १९७९-८० मध्ये एनएचएलमधील पहिल्याच हंगामात १३७ गुण मिळवले, तरी तो रुकी ठरला नाही, कारण आधीच्या हंगामात तो वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता. त्या वर्षीचा करंडक रे बोर्क याला मिळाला. उलट सोव्हिएत संघातील स्पर्धांचा अनुभव या व्याख्येत मोजला गेला नाही, त्यामुळे मॉस्कोच्या संघात उमेदीची वर्षे घालवून कॅल्गरी फ्लेम्समध्ये दाखल झालेला सर्गेई माकारोव्ह १९८९-९० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ‘सर्वोत्तम नवोदित’ म्हणून गौरवला गेला. त्यावर टीका झाली आणि पुढच्याच हंगामापासून २६ वर्षांची मर्यादा आली. नियमाने वय बांधले, अनुभव मात्र मोकळाच ठेवला.

सेलेब्रिनी आणि मिचकॉव्ह यांच्या बाबतीत हे नेमके लागू पडते. सेलेब्रिनीचा जन्म १३ जून २००६ चा, व्हँकुव्हरमधला. एनएचएलमध्ये येण्याआधी तो एक हंगाम बॉस्टन विद्यापीठाच्या संघात खेळला आणि ३८ सामन्यांत ६४ गुण मिळवून अमेरिकन महाविद्यालयीन हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार त्याने पटकावला. मिचकॉव्हचा जन्म ९ डिसेंबर २००४ चा, रशियातील पेर्म येथला. तो रशियाच्या केएचएल या लीगमध्ये, प्रौढ आणि पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंच्या विरुद्ध खेळत आला होता आणि २०२३-२४ मध्ये सोचीच्या संघाकडून ४७ सामन्यांत त्याने ४१ गुण मिळवले होते. विद्यापीठ संघ आणि केएचएल यांपैकी काहीच पात्रतेच्या हिशेबात धरले जात नाही, म्हणून लीगच्या नोंदीत दोघांचीही पाटी सारखीच कोरी होती. प्रत्यक्षात ती तशी नव्हती, हे मतदाराने स्वतः ध्यानात ठेवायचे असते.

ड्राफ्ट आणि करार

खेळाडू कोणत्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, निवडला जाऊ शकतो, हेही १५ सप्टेंबर याच तारखेवर ठरते, कारण त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत त्याला १८ वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. डिसेंबरमध्ये जन्मलेला मिचकॉव्ह यामुळे २०२३ च्या ड्राफ्टमध्ये गेला आणि सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने त्याला निवडले. सेलेब्रिनी २०२४ मध्ये, अठरावा वाढदिवस होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, पहिल्या क्रमांकावर सॅन होजेने निवडला. दोघांच्या वयात दीड वर्षाचे अंतर असूनही ड्राफ्टमध्ये एकाच वर्षाचे अंतर दिसते, ते या तारखेमुळे. २०२४-२५ च्या हंगामासाठी वय मोजले तेव्हा एक १८ वर्षांचा होता आणि दुसरा १९ वर्षांचा.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असे नाही. त्यानंतर संघ व खेळाडू यांच्यात प्रवेशस्तर करार होतो. त्याचा मजकूर लीग आणि खेळाडू संघटना यांनी मान्य केलेल्या प्रमाणित नमुन्यातच असतो आणि तो लीगकडे नोंदवला गेल्याशिवाय खेळाडू बर्फावर उतरू शकत नाही. २०२४ मध्ये लागू असलेल्या सामूहिक करारानुसार १८ ते २१ वयात सही करणाऱ्याचा करार तीन वर्षांचा, २२ व २३ वयात दोन वर्षांचा आणि २४ व्या वर्षी एका वर्षाचा असतो. वेतनाची कमाल मर्यादा ड्राफ्टच्या वर्षावर ठरते: २०२३ च्या खेळाडूंसाठी ती वर्षाला ९ लाख ५० हजार डॉलर होती, तर २०२४ च्या खेळाडूंसाठी ९ लाख ७५ हजार डॉलर. मिचकॉव्हच्या बाबतीत आणखी एक अडसर होता. त्याचा सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबशी असलेला करार २०२६ पर्यंतचा होता, आणि तो जून २०२४ मध्ये संपुष्टात आल्यानंतरच १ जुलैला त्याला फ्लायर्सबरोबर सही करता आली.

येथे वाचकांचा एक नेहमीचा गोंधळ दूर करणे योग्य होईल. १८ किंवा १९ वर्षांचा खेळाडू हंगामात दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याचा प्रवेशस्तर करार एक वर्ष पुढे सरकतो. ही दहा सामन्यांची रेषा कराराची आहे, कॉल्डरची नव्हे. कॉल्डरसाठी २५ आणि सहा हेच आकडे पाहायचे.

परदेशी खेळाडूची कागदपत्रे

अमेरिकेतील संघात खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंसाठी रुळलेला मार्ग पी-१ए या वर्गाचा आहे. त्यात खेळाडू स्वतः नव्हे, तर संघ मालक या नात्याने अमेरिकेच्या स्थलांतर विभागाकडे आय-१२९ हा नमुना दाखल करतो. त्यासोबत संघाशी झालेल्या कराराची प्रत, खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय दर्जाचे किंवा प्रमुख लीगमधील नेमणुकीचे पुरावे, हंगामाच्या कार्यक्रमाचा तपशील आणि संबंधित कामगार संघटनेचे लेखी मत जोडावे लागते. व्यक्तिगत खेळाडूला प्रथम पाच वर्षांपर्यंतची मुदत मिळू शकते. अर्ज मंजूर झाल्यावर कॅनडाच्या नागरिकाला दूतावासातून व्हिसा घ्यावा लागत नाही, रशियाच्या नागरिकाला मात्र घ्यावा लागतो. सॅन होजे किंवा फिलाडेल्फियाच्या परिसरातील मराठी कुटुंबांत आय-१२९ हे नाव एच-१बीमुळे चांगलेच परिचयाचे आहे. नमुना तोच, रकाने वेगळे.

मतदान

विजेता निवडण्याचा अधिकार व्यावसायिक हॉकी पत्रकारांच्या संघटनेकडे आहे. नियमित हंगाम संपल्यावर आणि प्ले-ऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, सुरू होण्यापूर्वी मतपत्रिका पाठवल्या जातात, त्यामुळे प्ले-ऑफमधील पराक्रमाचा येथे उपयोग होत नाही. प्रत्येक मतदार पाच नावे क्रमाने लिहितो आणि त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ व १ असे गुण मिळतात. पहिल्या तिघांची नावे अंतिम उमेदवार म्हणून जाहीर होतात. २०१७-१८ पासून कोणी कोणाला मत दिले हेही निकालानंतर प्रसिद्ध केले जाते, आणि माझ्या मते या प्रक्रियेतील ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. निकषाच्या शब्दांत मात्र मोघमपणा आहे. पहिल्या वर्षात सर्वाधिक प्रावीण्य दाखवणारा खेळाडू निवडायचा, एवढेच सांगितलेले आहे. प्रावीण्य एकूण गुणांवरून मोजायचे की प्रतिसामना सरासरीवरून, याबाबत नियम गप्प आहे.

६३ विरुद्ध ६३

सेलेब्रिनी पहिल्याच सामन्यात एक गोल आणि एक असिस्ट करून जखमी झाला व पुढचे १२ सामने बाहेर बसला. त्याचे ६३ गुण ७० सामन्यांतले आहेत, म्हणजे सामन्यामागे ०.९०. मिचकॉव्ह ८० सामने खेळला. राहिलेल्या दोन सामन्यांत तो तंदुरुस्त असूनही प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला यांनी त्याला संघाबाहेर ठेवले होते. त्याची सरासरी ०.७९ येते. येथवर सेलेब्रिनीचे पारडे उघडच जड दिसते.

परंतु सामना हे माप पुरेसे नाही. सेलेब्रिनी सामन्यात जवळपास २० मिनिटे बर्फावर असे, तर मिचकॉव्हला साधारण साडेसोळा ते सतरा मिनिटेच मिळत. त्यांच्या सामन्यांच्या संख्येने गुणले तर दोघांचा एकूण खेळलेला वेळ जवळजवळ सारखाच, किंबहुना मिचकॉव्हचा किंचित कमीच भरतो. मिनिटांच्या हिशेबाने रशियन खेळाडू तसूभरही मागे नाही, आणि त्या हंगामातील सर्व रुकींमध्ये सर्वाधिक गोलही त्याचेच होते. तरीही माझा कल सेलेब्रिनीकडे आहे, आणि तो सरासरीमुळे नव्हे. ती २० मिनिटे त्याला दयेपोटी मिळालेली नव्हती. तो सेंटर, म्हणजे आक्रमक फळीच्या मध्यभागी, खेळतो. फेसऑफ घेणे (खेळ सुरू करताना पंचाने टाकलेली चकती जिंकणे), स्वतःच्या गोलसमोर परत येऊन बचावाला हातभार लावणे आणि समोरच्या संघाच्या सर्वांत बलवान फळीला तोंड देणे ही कामे विंगवर, म्हणजे बाजूला, खेळणाऱ्या मिचकॉव्हपेक्षा त्याच्या वाट्याला अधिक येतात. गुणतक्त्यात ३२ संघांत तळाला राहिलेल्या संघात, १८ व्या वर्षी, संघातील सर्वाधिक गुण त्याने हे सगळे सांभाळून केले. केएचएलच्या प्रौढ हॉकीतून तावूनसुलाखून आलेल्या खेळाडूला जी पूर्वतयारी मिळते, तीही त्याच्यापाशी नव्हती.

मतदार नेहमी असाच विचार करतात असे नाही. २०१५-१६ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडने दुखापतीमुळे केवळ ४५ सामने खेळून ४८ गुण केले, त्याची सरासरी एकपेक्षा जास्त होती, तरी ८० सामन्यांत ७७ गुण करणाऱ्या आणि केएचएलमधून आलेल्या २४ वर्षीय आर्तेमी पानारिनला करंडक मिळाला. तेथे हुकलेले सामने ३७ होते, सेलेब्रिनीचे १२, आणि हा फरक लहान नाही.

प्रत्यक्ष निकाल या दोघांच्याही पलीकडे गेला. करंडक मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा बचावपटू लेन हटसन याने जिंकला. त्याचे ६६ गुण होते व त्यांत ६० असिस्ट. आदल्या हंगामात तो एनएचएलचे दोन सामने खेळलेला होता, पण दोन हे सहापेक्षा कमीच, म्हणून त्याच्या पात्रतेला बाधा आली नाही. सेलेब्रिनी अंतिम तिघांत होता, तिसरे नाव कॅल्गरीचा गोलरक्षक डस्टिन वुल्फ याचे होते आणि मिचकॉव्ह तिघांबाहेर राहिला. हंगामाच्या सर्वोत्तम रुकी संघात मात्र सेलेब्रिनी आणि मिचकॉव्ह एकाच फळीत, अॅनाहाइमच्या कटर गॉथिएसोबत, निवडले गेले.

पहिल्या अटीमुळे या दोघांचीही पात्रता आता कायमची संपली आहे. २०२५-२६ साठी मॉन्ट्रियलच्याच इव्हान डेमिडॉव्हचे नाव पात्र ठरले. रशियातून एप्रिल २०२५ मध्ये येऊन त्याने नियमित हंगामातले दोनच सामने खेळले होते.