तळहात-तळपायावर फोड? कांजिण्या म्हणण्याआधी हे बघा

पावसाळा सुरू झाला की सांगली-मिरजेकडच्या बालवाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप ठरलेला असतो: "बाळाला कांजिण्या आल्यात, आठवडाभर येणार नाही." सोबतच्या फोटोत फोड दिसतात ते तळहातावर. त्या मुलाला शिमग्याच्या सुमारास खऱ्या कांजिण्या होऊन गेलेल्या असल्या, तर आजी म्हणते, "दुसऱ्यांदा आल्या." धडधाकट मुलाला कांजिण्या दुसऱ्यांदा होणं क्वचितच घडतं. अशी बातमी कानावर आली की मी आधी मुलाचे तळवे आणि तोंड बघायला सांगते, कारण बहुतेक वेळा तो हँड-फूट-माउथ, म्हणजे हात, पाय आणि तोंडात फोड आणणारा आजार असतो.

कांजिण्या घरोघरी ठाऊक आहेत. ताप, खाज, पाणीदार फोड, मग खपल्या. हँड-फूट-माउथ वेगळ्या विषाणूंचा आजार आहे. कॉक्सॅकी ए१६, ए६, एंटेरोव्हायरस ७१ ही त्यांतली नेहमीची नावं. तो मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो आणि सात ते दहा दिवसांत आपोआप जातो. २०२२ मध्ये केरळातल्या 'टोमॅटो फ्लू'च्या नावानं सगळीकडे घबराट झाली होती, तोही याच आजाराचा प्रकार असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

खरी गफलत होते ती पुरळ बघताना. लोक फोडाचा आकार बघतात, मी जागा बघायला सांगते. कांजिण्या छाती, पोट, पाठ, चेहरा इथून सुरू होतात, डोक्यात केसांच्या मुळाशीही येतात, आणि हातापायांकडे विरळ होत जातात. तळहातावर एखाद-दुसरा फोड येतो, पण तिथे गर्दी होत नाही. हँड-फूट-माउथचं उलटं. त्याचे फोड तळहात, तळपाय, बोटांच्या कडा, गुडघे, कोपरं आणि ढुंगणावर येतात, पोट-पाठ बरीचशी मोकळी राहते. डोक्यात केस बाजूला करून बघा. तिथे काहीच नसेल तर कांजिण्यांची शक्यता कमी होते.

दुसरी खूण फोडांच्या वयाची. कांजिण्या लाटेलाटेनं येतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाच पाठीवर लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं तिन्ही शेजारी शेजारी दिसतं. हँड-फूट-माउथचे फोड लहान, लांबट, राखाडी झाकेचे असतात. ते फारसे खाजत नाहीत, दाबलं तर दुखतात.

तोंडाकडे तर कुणी बघतच नाही. पुरळ दिसण्याआधी एक-दोन दिवस मूल तापानं कुरकुरतं, लाळ गाळतं, घास तोंडात घेतला की रडतं. घरातले "दात येतायत" म्हणून सोडून देतात. टॉर्च लावून जीभ, गालांची आतली बाजू, टाळू बघा. फोड आणि जखमा तिथे आधीच आलेल्या असतात. कांजिण्यांतही तोंडात फोड येऊ शकतात, म्हणून फक्त तोंड बघून ठरवू नका. तोंड, तळवे आणि मोकळी पोट-पाठ हे तिन्ही जुळलं तर संशय पक्का. ए६ विषाणूचं पुरळ मात्र मांड्या, दंड, ओठांभोवती असं दूरवर पसरतं आणि कांजिण्यांसारखं दिसतं. तेव्हा फोटो पाठवून निदान मागू नका, बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. याच प्रकारात काही आठवड्यांनी नखं निघतात. ती पुन्हा येतात, घाबरू नका.

नाव चुकलं की सेवाही चुकते, आणि मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. "देवी आल्यात" म्हणत अंघोळ बंद, गार काही द्यायचं नाही, फोडांवर हळदीचा लेप. हँड-फूट-माउथमध्ये तोंड इतकं दुखतं की मूल पाणीसुद्धा नाकारतं, आणि खरा धोका तोच, अंगातलं पाणी कमी होण्याचा. गार दूध, आंबट नसलेलं ताक, शहाळ्याचं पाणी, गार केलेली पेज घोट घोट द्या. वर्षाच्या वरच्या मुलाला आईस्क्रीमही चालतं, आजी रागावली तरी. तिखट, आंबट, कांदा-लसणाची चटणी लांब ठेवा. हळदीनं पुरळ झाकून जातं आणि डॉक्टरांना नीट बघता येत नाही. कांजिण्यांसाठीचं ॲसायक्लोव्हिर हे औषध इथे निरुपयोगी आहे, आणि ॲस्पिरिन दोन्हींत द्यायचं नाही.

सात-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त पडलंय, झोपेत सारखं दचकतंय, तोल जातोय, वारंवार उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

गोठ्यातल्या लाळ्या-खुरकतीला इंग्रजीत 'फूट-अँड-माउथ' म्हणतात, पण नाव सारखं वाटलं तरी तिचा याच्याशी काहीही संबंध नाही. तो जनावरांचा वेगळा विषाणू आहे. म्हैस विकायला काढू नका आणि दूधही बंद करू नका.

पसरण्यात फरक एवढाच ध्यानात ठेवा: कांजिण्या हवेतून झपाट्यानं पसरतात, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवं, आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईला जपायला हवं. हँड-फूट-माउथचा विषाणू लाळेतून, फोडांतल्या पाण्यातून आणि शीतून पसरतो, शीमध्ये तर तो कित्येक आठवडे राहतो. मूल बरं झालं तरी शी धुतल्यावर साबण-पाण्यानंच हात धुवा. सॅनिटायझर या विषाणूवर भरवशाचं नाही.

आणि डॉक्टरांकडून फाईलवर आजाराचं नाव लिहून घ्या. "याला कांजिण्या होऊन गेल्यात" या चुकीच्या समजापोटी कितीतरी आया पंधराव्या महिन्यापासून मिळणारी कांजिण्यांची लस टाळतात. हँड-फूट-माउथनं कांजिण्यांपासून कसलंही संरक्षण मिळत नाही. तेच मूल मोठं झाल्यावर पहिल्यांदा खऱ्या कांजिण्या काढतं, आणि मोठ्या वयात त्या फार जड जातात.