ऑनलाइन सर्वसाधारण सभा (स्थानिक स्वराज्य संस्था)

साथरोगाच्या काळात सदस्य एका सभागृहात न जमता व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून जी सभा घेतात, ती ऑनलाइन सभा. सभांचे कामकाज पाहणाऱ्या सभाशाखेच्या बोलीत ‘सभा व्हीसीवर लावली’. महाराष्ट्रात ही पद्धत कोविडच्या साथीत, २०२० च्या पावसाळ्यापासून रूढ झाली. या नोंदीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या संस्था डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत : सांगली, मिरज व कुपवाड शहरांची मिळून झालेली महापालिका (स्थापना १९९८), दोन्ही जिल्हा परिषदा, सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण, विटा, तासगाव अशा नगरपरिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती.

साथ आहे तर सभा पुढे ढकला, एवढे हे सोपे नसते. मार्च हा अंदाजपत्रकाचा महिना. २०२० मध्ये टाळेबंदी नेमकी मार्चअखेरीस आली, आणि त्याच आठवड्यात इस्लामपूरला परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात रुग्ण सापडल्याने सांगली जिल्ह्याची झोप उडाली. अशा वेळी प्रशासनाचे हात बांधलेले नसतात. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली आयुक्त तातडीचा खर्च करू शकतात, आणि साथरोग अधिनियम १८९७ व आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ यांमुळे जिल्हाधिकाऱ्यांकडेही भरपूर अधिकार येतात. पण त्या खर्चाचा जाब विचारायची जागा सभाच असते. फवारणी, विलगीकरण केंद्रातले जेवण, खाटांचे भाडे यांची बिले आधी दिली जातात आणि प्रश्न नंतर विचारले जातात. सभाच नसेल तर ते विचारले जात नाहीत, इतकेच.

कायद्याचा आधार

ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी १९६१ चा, नगरपरिषदांसाठी १९६५ चा आणि महापालिकांसाठी १९४९ चा, असे चार वेगळे अधिनियम आहेत. सगळ्यांची रचना सभागृह गृहीत धरून झालेली. ‘हजर’, ‘सभेचे ठिकाण’, ‘हात वर करणे’ हे शब्द लिहिताना पडद्यावरचा चेहरा कोणाच्या मनात असणार? कंपन्यांच्या बाबतीत ही अडचण नव्हती, कारण कंपनी अधिनियम २०१३ ने संचालकांची व्हिडिओवरची हजेरी गणपूर्तीत (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत) धरायला मुभा दिली होती. स्थानिक संस्थांना मात्र शासनाच्या निर्देशांवर चालावे लागले. नगरविकास विभागाने जुलै २०२० मध्ये सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याचे परिपत्रक काढले आणि नगरपरिषदा-महापालिकांत सभा सुरू झाल्या.

परिपत्रकावर उभी असलेली सभा कायद्याच्या कलमावर उभ्या असलेल्या सभेइतकी भक्कम नसते. इंग्लंडमध्ये त्यासाठी ४ एप्रिल २०२० पासून खास नियम लागू केले गेले, पण त्यांची मुदत ७ मे २०२१ च्या आत होणाऱ्या सभांपुरतीच होती. मुदत संपण्याच्या तोंडावर तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की १९७२ च्या मूळ कायद्यातली ‘सभा’ म्हणजे प्रत्यक्ष जागेवरची सभा. मुदत संपली आणि दूरस्थ सभाही संपल्या. म्हणून आपल्याकडे ज्या सभाशाखांनी इतिवृत्ताच्या (सभेच्या लेखी नोंदीच्या) पहिल्याच परिच्छेदात परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक नोंदवला, त्यांनी शहाणपणा केला. ठराव पुढे आव्हानात गेला तर पहिला प्रश्न तोच येतो.

नोटीस आणि विषयपत्रिका

सभा ऑनलाइन असली तरी नोटिशीची मुदत कमी होत नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला साधारणपणे पूर्ण सात दिवस लागतात. हे सात दिवस मोजताना नोटीस बजावल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडायचे. नुसती लिंक व्हॉट्सअॅप गटावर टाकली म्हणजे नोटीस बजावली असे होत नाही. शिपाई प्रतिबंधित क्षेत्रात जाऊ शकत नसेल तर ईमेल आणि वैयक्तिक संदेश, आणि दोन्हींची पोच फाइलला. निळ्या खुणेचा स्क्रीनशॉट हा त्यातला सर्वांत कमकुवत पुरावा, कारण काही सदस्य ती खूणच बंद ठेवतात.

नोटिशीत लिंकबरोबर बैठकीचा क्रमांक, पासवर्ड, तांत्रिक मदतीचा फोन नंबर आणि लिंक तुटल्यास काय करायचे ते लिहावे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा दिला, त्यामुळे बऱ्याच कार्यालयांनी गूगल मीट, वेबेक्स, जिओमीट किंवा एनआयसीची (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) सोय वापरली. फुकटच्या खात्यावर सभा लावणे हा मात्र हमखास फसणारा प्रकार. झूमच्या फुकट खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, आणि ती नेमकी उपसूचनेवर, म्हणजे मूळ सूचनेत सुचवलेल्या बदलावर, वाद रंगात आला असताना पडते.

टिपणी, म्हणजे प्रत्येक विषयाला जोडलेली प्रशासनाची माहिती, ही खरी डोकेदुखी असते. एरवी जाडजूड विषयपत्रिका सदस्याच्या घरी पोचते आणि तो पेन्सिलीने खुणा करून येतो. तीच स्कॅन करून पीडीएफ केली की पाने आडवी येतात, तक्ते वाचता येत नाहीत आणि मोबाइलवर एकच पडदा असल्याने सदस्य एकतर सभा बघतो किंवा टिपणी वाचतो. शक्य असेल तिथे कागदी प्रत आधी पोचवणे हाच उपाय.

सभागृहातली मांडणी

शुद्ध ऑनलाइन सभा क्वचितच होते. बहुधा महापौर किंवा अध्यक्ष, आयुक्त किंवा मुख्याधिकारी, नगरसचिव आणि खातेप्रमुख सभागृहात असतात, सदस्य घरी किंवा प्रभाग कार्यालयात. जिल्हा परिषदेला सोयीची पद्धत म्हणजे सदस्यांनी आपापल्या पंचायत समितीच्या व्हीसी कक्षात बसणे. साताऱ्याला ११ तालुके, सांगलीला १०. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मोबाइल सांभाळण्याऐवजी दहा-अकरा ठिकाणे सांभाळायची. गटविकास अधिकारी तिथली हजेरी सही घेऊन पाठवतात, हा आणखी एक फायदा.

सभागृहात दोन लॅपटॉप लागतात. एकावरून बैठक चालवायची, दुसरा प्रोजेक्टरला. बैठक चालवणारा लॅपटॉप वायफायवर नको, राउटरला केबलने जोडलेला हवा. आवाजाची जोडणी लोक सर्वांत हलकी समजतात आणि घोटाळा तिथेच होतो. सभागृहाच्या स्पीकरसमोर लॅपटॉप ठेवून त्याच्याच माइकवर सभा ऐकवली तर घरी बसलेल्याला स्वतःचेच वाक्य अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येते. ध्वनिक्षेपणाच्या मिक्सरमधून थेट तार लॅपटॉपला द्यावी. सभागृहात बसूनही कोणी मोबाइलवर जोडून राहिले तर कर्कश शिट्टी सुरू होते. त्यांचा माइक बंद आणि आवाज शून्यावर, हे शिपायाने प्रत्येकाजवळ जाऊन बघायचे.

सगळ्यांचे माइक बंद करण्याची कळ कोणाच्या हातात, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरे तर अधिकाराचा आहे. विरोधी सदस्याचा आवाज ‘नेटवर्कमुळे’ गेला की मुद्दाम घालवला, हे बाहेरून कळत नाही आणि आरोप मात्र होतोच. कळ नगरसचिवाच्या हाताखालच्या एका नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याकडे असावी, आणि ती पीठासीन अधिकाऱ्याने (सभेचे अध्यक्षस्थान सांभाळणाऱ्याने) उघड सांगितल्यावरच दाबावी. इंग्लंडमधल्या हँडफर्थ गावच्या पॅरिश कौन्सिलची एक बैठक फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिली गेली, ती याच भांडणामुळे : कोणाला बाहेर काढायचा अधिकार कोणाचा?

हजेरी आणि गणपूर्ती

पडद्यावर ‘रेडमी नोट ८’ असे नाव दिसते. हा कोण सदस्य, ते कोणालाच माहीत नसते. म्हणून प्रतीक्षाकक्ष चालू ठेवून प्रत्येकाला ‘प्रभाग क्रमांक, आडनाव, नाव’ असे नाव बदलायला लावूनच आत घ्यावे. त्यानंतर नावानिशी पुकारा, कॅमेरा चालू, सदस्याने स्वतः ‘हजर’ म्हणायचे.

स्वतः, हा शब्द महत्त्वाचा. महिला सदस्यांच्या जागी त्यांचे पती बोलतात हे ग्रामीण राजकारणात जुनेच आहे. सभागृहात दारावरचा शिपाई त्यांना अडवतो, घरातल्या कॅमेऱ्याला मात्र दार नसते. पडद्यावर सदस्याबाई आणि मागून कोणी उत्तर पुरवणारा, हे दृश्य अनेकदा दिसे. पीठासीन अधिकाऱ्याने तिथल्या तिथे ‘सदस्य महोदयांनीच बोलावे’ असे सांगून तशी नोंद घेतली तर पुढच्या सभेत फरक पडतो.

महापालिकेच्या सभेत गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश. सभेच्या मध्येच ती कमी असल्याचे कोणी लक्षात आणून दिले तर सभा तहकूब करावी लागते. सभागृहात माणूस उठून गेला तर दिसतो. इथे कनेक्शन तुटते, जुळते, पुन्हा तुटते. जोडणीच्या नोंदींचा तक्ता सभा संपल्याबरोबर उतरवून घ्यावा. काही सेवांत तो नंतर मिळत नाही.

मतदान

आवाजी मतदान ऑनलाइन चालत नाही. एका वेळी अनेकांनी ‘मंजूर’ म्हटले की अॅप एकाचाच आवाज पुढे करते. ‘विरोध कोणाचा?’ असे विचारून दोन सेकंद थांबणे हेही फसवे, कारण माइक उघडायलाच तेवढा वेळ लागतो. वादाच्या विषयावर नावे पुकारूनच मत घ्यावे लागते. नाव पुकारणे, माइक उघडण्याची वाट, उत्तर, आणि ते सचिवाने मोठ्याने परत म्हणणे, याला माणशी २० ते ३० सेकंद. सांगलीच्या ७८ निवडून आलेल्या नगरसेवकांचे एक मतविभाजन म्हणजे अर्धा तास. चॅटमध्ये लिहिलेले मत धरू नये ; फोन कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही.

ही कसोटी सांगलीत २३ फेब्रुवारी २०२१ च्या महापौर निवडीत लागली. बहुमत भाजपचे असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी निवडून आले. पुढच्याच महिन्यात जळगाव महापालिकेतही ऑनलाइन सभेत सत्तांतर झाले. घरातून, किंवा जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या हॉटेलातून, मत देता येते म्हटल्यावर फुटलेल्या सदस्याला सभागृहाच्या दारात गाठायची सोय पक्षाला उरत नाही. ऑनलाइन सभेने फोडाफोडी निर्माण केली नाही, सोपी मात्र केली. महापौराची निवड हात वर करून, उघड होते म्हणूनच हे पडद्यावर जमले. गुप्त मतदान लागणारा विषय या पद्धतीत घेऊच नये.

इतिवृत्त आणि लोक

ध्वनिचित्रमुद्रण म्हणजे इतिवृत्त नव्हे. सूचक, अनुमोदक, उपसूचना, मतांची नावे हे सगळे लिहूनच ठेवावे लागते. ‘आवाज तुटल्याने अस्पष्ट’ अशी जागा इतिवृत्तात रिकामी न सोडता सदस्याकडून दुसऱ्या दिवशी लेखी घ्यावे, आणि ते लेखी घेतले आहे हेही लिहावे. मागच्या दाराने एखादा विषय घुसवायला आयत्या वेळचे (विषयपत्रिकेत नसलेले) विषय जितके सोयीचे, तितकेच अस्पष्ट इतिवृत्तही.

महापालिकेची सभा कायद्याने लोकांना खुली असते. ऑनलाइनमध्ये प्रेक्षक गॅलरी गेली आणि पत्रकार लिंकसाठी ताटकळले. फेसबुक किंवा यूट्यूबवर थेट दाखवणे हा उपाय स्वस्त आहे. गॅलरीत पन्नास माणसे मावतात, यूट्यूबवर अख्खा प्रभाग बघू शकतो. तरी संस्था ते टाळत, याचे कारण तांत्रिक नव्हते.

नेटवर्कचा भूगोल

पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत जून ते सप्टेंबर वीज आणि टॉवर दोन्ही बेभरवशाचे. सदस्याच्या घरी इन्व्हर्टर असून भागत नाही, टॉवरची बॅटरी संपली की संपले. व्हिडिओला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तीन तासांची सभा पुरी होत नाही. अशा सदस्याने हजेरी आणि मतापुरता कॅमेरा चालू करावा, एरवी आवाजावर राहावे. मध्येच साधा फोन आला की सभेचा आवाज जातो, हे बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या सभेत कळते.

ग्रामसभेचा वेगळा प्रश्न

वर सांगितलेले काहीही ग्रामसभेला जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण तिचे सदस्य म्हणजे गावचे सगळे मतदार. वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ५०० मतदारांच्या वाडीला ७५ पुरतात, तीन हजारांच्या गावाला १००. फुकटच्या अॅपची मर्यादाही १०० जोडण्यांचीच, त्यांत ग्रामसेवक आणि संगणक परिचालक धरून. एका फोनसमोर चौघे बसले तर हजेरी एक की चार? आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, घरकुलाच्या यादीत नाव यावे म्हणून जो खरा ग्रामसभेला येतो, तो यात कुठेच नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत ग्रामसभा थांबल्या, मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडणुका झाल्या. अधल्यामधल्या काळात ऑनलाइन ग्रामसभेचे प्रयोग झाले, पण विकास आराखडा किंवा लाभार्थी निवड अशा विषयांना ते पुरे पडत नाहीत. त्यापेक्षा वॉर्डसभा वेगवेगळ्या दिवशी, शाळेच्या मैदानात किंवा देवळाच्या पटांगणात, सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल आखून घेणे बरे. दवंडी लाउडस्पीकर लावलेल्या रिक्षातून द्यावी. हजेरी वहीसाठी पेन ज्याने त्याने घरून आणावे. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती साथीच्या घाईत सर्वांत आधी गळते. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभेला पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही, हे ठाऊक असणारे सरपंच साथीच्या काळात पहिली सभा बिनदिक्कत रिकामी जाऊ देतात. म्हणून तहकुबीच्या सभेचीही दवंडी पहिल्या सभेइतकीच जोरात झाली का, ते पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याने दप्तर तपासणीत पाहावे.