सीटी स्कॅन वाचायला शिकताना तीन वर्षं का लागतात?

"एमडीला रेडिओलॉजी मिळतेय, पण एआय आल्यावर त्यात राहणार काय?" रेडिओलॉजी म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचून निदान करण्याची शाखा. नीट-पीजीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले की ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रश्न हमखास कानावर येतो. २०१६ साली एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते, नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा; पाच, फार तर दहा वर्षांत यंत्रं त्यांना मागे टाकतील. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्या वाक्याला आणखी वजन आलं. तरी नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये किंवा कामोठ्याच्या एमजीएममध्ये एमडी रेडिओची तीन वर्षं आजही शिकवली जातात, आणि ती शिकवायलाच हवीत.

मुळात सीटीचं मशीन फोटो काढत नाही, ते मोजतं. डोक्याभोवती फिरणाऱ्या नळीतले क्ष-किरण पलीकडे किती पोचले ते डिटेक्टर नोंदवतात आणि त्या नोंदींवरून संगणक मेंदूच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाचा मेंदू असा तपासला गेला. ते यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हौन्सफिल्ड या इंजिनिअरचं नाव या आकड्यांच्या एककाला आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा उणे १०००, घट्ट हाड १००० किंवा त्याहून वर. मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०, पांढरा भाग २५ ते ३०, रक्ताची ताजी गुठळी ६० ते ८०.

आता नीट बघा. मशीन देऊ शकतं असे आकडे ४०९६, पडद्यावरच्या करड्या छटा २५६. सगळे आकडे एकदम दाखवायचे तर एकेका छटेत १६ आकडे कोंबावे लागतात. मेंदूच्या दोन भागांत फरक जेमतेम १० चा, म्हणजे मेंदू सपाट दिसणार. म्हणून फक्त ० ते ८० हे आकडे निवडायचे. त्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. याला विंडो म्हणतात, आणि ८० ही तिची रुंदी. आता एका आकड्याच्या वाट्याला तीनहून जास्त छटा येतात आणि १० चा फरक ३२ छटांचा होतो.

रात्री पक्षाघाताचा रुग्ण येतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की पेशींतलं सोडियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात आणि पाणी आत शिरतं. पाणी एक टक्क्याने वाढलं की आकडा सुमारे अडीचने उतरतो, करड्या आणि पांढऱ्या भागातली सीमा पुसट होते. अडीच म्हणजे नेहमीच्या विंडोत आठ छटा. विंडोची रुंदी ४० वर आणली तर सोळा. मग कायम ४० वरच का ठेवत नाहीत? कारण नॉइजही, म्हणजे मोजमापात आपोआप येणारी चलबिचलही, दुप्पट दिसते, आणि त्या नॉइजपायी एकेक ठिपका तीन-चार आकडे इकडेतिकडे होतच असतो. खरा उतार कोणता, हे डावी-उजवी बाजू ताडून ठरवावं लागतं, तेही झटपट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं.

त्याच रात्री सायन-पनवेल महामार्गावरून अपघातातला मुलगा आला, तर उलटंच करावं लागतं. कवटीलगतचा रक्ताचा पातळ थर अरुंद विंडोत दिसत नाही, कारण कवटी पांढरी आणि रक्तही पांढरं. रुंदी २०० च्या आसपास नेली की दोन्ही वेगळे होतात. शिवाय रक्ताचा आकडा चढतो तो हिमोग्लोबिनमुळे. तीव्र ॲनिमिया असलेल्या बाईचं ताजं रक्त मेंदूइतकंच करडं दिसू शकतं. स्कॅनवर हे कुठेही लिहिलेलं नसतं. वॉर्डला फोन लावून "एचबी किती आहे?" विचारणारा रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारा डॉक्टर, हे शिकलेला असतो. रक्तस्राव हेरणारी सॉफ्टवेअर आली आहेत, गंभीर केस यादीत वर आणायला ती उपयोगीही आहेत. तो फोन मात्र माणसालाच करावा लागतो.

सीटी निदान खरोखर मोजतं तरी; सोसायट्यांच्या आरोग्य शिबिरांत मात्र हातात एक दांडी धरायला देऊन मिनिटभरात मूत्रपिंडापासून सांध्यांपर्यंतचा रिपोर्ट छापून देणारे 'क्वांटम ॲनालायझर' येतात. त्या दांडीतून यकृताचं काहीही मोजलं जात नाही. ही सरळ फसवणूक आहे. अशा लोकांना गेटवरूनच परत पाठवावं.

एमडीच्या तीन वर्षांत एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफीची पोस्टिंग्ज, प्रबंध, जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात तीन महिने, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आणि त्याचा फॉर्म एफ, किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज हे सगळं येतं. फिजिक्सही येतं, पण ते बहुतेकदा नोट्स पाठ करून उरकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्याच महिन्यात रेसिडेंटला कन्सोलवर, म्हणजे स्कॅन बघायच्या संगणकावर बसवावं, एकच जुना स्कॅन द्यावा आणि विंडो ८० वरून ४० वर, ४० वरून २०० वर नेत तो रक्ताचा थर त्याचा त्याला शोधू द्यावा.