मधल्या फळीतला खेळाडू पुढे प्रशिक्षक आणि स्काउट होतो तेव्हा : सीमाभागाच्या नजरेतून पार्श्वभूमी

बेळगावात फुटबॉल रुजला तो कॅम्प भागात. 1856 सालचं सेंट पॉल्स हायस्कूल, तिथली फादर एडी स्मृती स्पर्धा, टिळकवाडीचं लेले मैदान... इथल्या कित्येक पिढ्यांचे गुडघे याच मातीत फुटले. खेळाची आवड इथे कधीच कमी नव्हती. अडचण आहे ती पुढच्या वाटेची.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि ती रेघ खेळालाही लागू झाली. कोल्हापूर इथून साधारण 110 किलोमीटर, पणजीही फार लांब नाही. बेंगळुरू मात्र पाचशे. तरी संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीसाठी इथल्या पोरांना बेंगळुरूच गाठावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीचंच बघा. तिथून कोल्हापूर जेमतेम 40 किलोमीटर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेने 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. निपाणीच्या पोराला ती वाट सरळ मिळत नाही. मला हा अन्याय वाटतो.

म्हणूनच व्यावसायिक फुटबॉल खेळून पुढे प्रशिक्षक आणि स्काउट, म्हणजे गुणी पोरं हेरणारा, झालेला माणूस या भागाला फार मोलाचा. त्यातही मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. त्याला पुढचं आणि मागचं दोन्ही बघून खेळावं लागतं, त्यामुळे प्रशिक्षणाचा निम्मा अभ्यास तो खेळतानाच करत असतो. शेजारच्या गोव्यातला क्लिफर्ड मिरांडा घ्या. गोव्याच्या धेंपो क्लबच्या सुवर्णकाळातला हा डावीकडचा मिडफिल्डर 2020 मध्ये एफसी गोवाचा हंगामी प्रशिक्षक झाला आणि संघाने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्याची ढाल जिंकली. 2023 मध्ये त्याच्याच हाताखाली ओडिशा एफसीने बेंगळुरू एफसीला 2-1 असं हरवून सुपर कप नेला. अर्थात खेळाडू म्हणून कमावलेलं नाव इथे पुरत नाही. ‘डी’ पासून ‘प्रो’ पर्यंत प्रशिक्षकाच्या परवान्यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

स्काउटचं काम याहून शांत, पण माझ्या मते जास्त अवघड. गोल कोणी मारला हे सगळेच बघतात. मधल्या फळीतून आलेला स्काउट बघतो ते चेंडू पायात नसतानाचं पोर : पास येण्याआधी त्याने मान वळवून मागे कोण आहे हे पाहिलं का, पहिला टच मोकळ्या बाजूला घेतला का, चेंडू गेल्यावर जागच्या जागी उभा राहिला की परत धावला. मग वयाचा प्रश्न येतो. अंगाने थोराड पोर गल्लीतल्या सामन्यात सगळ्यांना भारी पडतं, पण कधी ते वयानेच मोठं असतं, म्हणून युवा स्पर्धांमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. किरकोळ अंगाचं पण खेळ वाचणारं पोर तोवर मागे पडलेलं असतं, आणि ते हेरायला कोणीतरी खानापूर-चिकोडीच्या मैदानापर्यंत यावं लागतं. अकादम्या मोठ्या शहरांत आहेत, निवड चाचण्याही बहुतेक तिथेच होतात. मजुरी करणारा बाप मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीने बेंगळुरूला किती वेळा जाणार?