उष्ट्या उजेडावर जगणारी पानं

“सावलीत चालेल असं काही द्या,” असं नर्सरीत म्हटलं की कॅलॅथिया, फिलोडेंड्रॉन, अळूचे रंगीत भाऊबंद पुढे येतात. यांना उजेड कमी लागतो, बस्स, असा आपला समज. पण सावलीतला उजेड नुसता कमी नसतो, वेगळाही असतो. घनदाट पावसाळी अरण्याच्या तळाशी वरच्या उजेडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पोचतो, आणि तोही उष्टा. वरच्या पानांतल्या हरितद्रव्याने निळा आणि तांबडा आधीच गिळलेला असतो. खाली उरतो बराचसा हिरवा आणि प्रकाशसंश्लेषणाला फारसा कामाचा नसलेला दूर-तांबडा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा.

या उष्ट्यावर जगण्याची सर्वांत देखणी युक्ती मलेशियातल्या बेगोनिया पॅव्होनिनाकडे आहे. त्याचं पान मोरपिशी निळं चमकतं, पण त्यात निळं रंगद्रव्य नावालाही नाही. पेशींतल्या हरितद्रव्याच्या सूक्ष्म कणांमध्ये, म्हणजे हरितलवकांमध्ये, थायलॅकॉइड नावाची पातळ पटलं असतात. साध्या पानात त्यांच्या चळती कशाही पडलेल्या. या बेगोनियाच्या वरच्या त्वचेत मात्र ‘इरिडोप्लास्ट’ नावाची खास हरितलवकं आहेत. त्यांत तीन-चार पटलांची चळत, मग ठरावीक अंतर, पुन्हा चळत. हे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीशी असं जुळतं, की थरांवरून परतणारे निळे तरंग एकमेकांना बळ देतात आणि निळा बाहेर फेकला जातो. हे परवडतं, कारण निळा तिथे मुळात फारसा आलेलाच नसतो. हिरवा मात्र त्याच थरांत रेंगाळतो, आणि रेंगाळला की शोषला जाण्याची शक्यता वाढते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मंद उजेडात या लवकांची कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांनी अधिक दिसली.

निळ्या पानांच्या बिया म्हणून ऑनलाइन विकली जाणारी झगझगीत चित्रं पाहून पैसे घालवू नका. आणि चोरून आणलेलं मनी प्लांटच लाभतं म्हणून शेजाऱ्याची वेलही तोडू नका.

अशी पानं आपल्या नागपुरात वाढवायची तर खरी अडचण हवेची आहे. हवा पानातून किती जोराने पाणी ओढते हे बाष्पदाबाच्या तुटीवरून, म्हणजे हवेत मावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्ष असलेली वाफ यांच्या दाबांतल्या फरकावरून कळतं. अरण्यात २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर ही तूट साधारण ०.३४ किलोपास्कल येते. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी, ४५ अंश आणि २० टक्क्यांना, ती ७.७ होते. म्हणजे वीसपटीहून जास्त! कॅलॅथियाच्या कडा इथे करपतात त्या यामुळे. सावली वाढवून उपयोग नाही.

म्हणून पॅव्होनिना विसरा. गड्ड्यात पाणी साठवणारं झेडझेड, जाड पानांचं सान्सेव्हिएरिया, चिवट अ‍ॅस्पिडिस्ट्रा घ्या. माझी पसंती मात्र भुईचाफ्याला. पानावर चंदेरी नक्षी, मागे जांभळट छटा, आणि उन्हाळ्यात पानंच नाहीत! जमिनीतून नुसती फुलं येतात, पानं पावसाबरोबर. ज्यांना हवेची तहान भागवावी लागते ती पानंच नसतील तर मे महिना काय करणार?

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे साठतात, आणि ते मुळांना पाणी ओढू देत नाहीत.