जावा क्लायंटसाठी हलका सीरियलायझेशन थर

जावा प्रोग्रामच्या मेमरीतील ऑब्जेक्टचे बाइट करून ते काफ्का, अ‍ॅक्टिव्हएमक्यू यांसारख्या मेसेज ब्रोकरकडे (प्रोग्रामांमधले संदेश पोचवणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरकडे) सोपवणारा आणि पलीकडच्या टोकाला त्या बाइटांतून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करणारा कोडचा थर. बाइट कमी आणि बाहेरच्या लायब्रऱ्यांवरचे अवलंबन नगण्य असेल, तर त्याला हलका म्हणतात.

जावात अशी सोय १९९७ च्या जेडीके (जावाचा विकाससंच) १.१ पासून आहे. पण ती प्रत्येक प्रवाहात क्लासचे (ऑब्जेक्टच्या साच्याचे) पूर्ण नाव, फील्डांची (त्यातील माहितीच्या कप्प्यांची) नावे आणि प्रकारही लिहिते. वजनापेक्षा मोठा दोष सुरक्षिततेचा. कोणता क्लास उभा करायचा हे आलेले बाइटच ठरवतात. २०१५ मध्ये अपाची कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीतील क्लास वापरून परक्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो हे उघड झाले. जावा ९ मध्ये (२०१७) त्यावर फिल्टर आले. तरी नव्या रचनेत जेएमएसचा (संदेश पाठवण्याच्या जावाच्या प्रमाण पद्धतीचा) जावा ऑब्जेक्ट वाहणारा ऑब्जेक्टमेसेज टाळून नुसते बाइट वाहणारा बाइट्समेसेज घेणेच शहाणपणाचे.

हलक्या थराचा पाया म्हणजे दोन्ही टोकांचा आधीचा करार. सोलापुरी चादरीच्या जेकॉर्ड मागावर पंचकार्डात फक्त छिद्रे असतात. कोणत्या छिद्राने ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे मागावर आधीच ठरलेले असते. संदेशातही नावे नकोत, फील्डचा क्रमांक आणि मूल्य पुरे.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना डोळ्यांपुढे आणू. प्रत्येक यंत्रमागाकडून माग क्रमांक, वेळ, माल आणि नग एवढेच पाठवायचे आहे. पहिला बाइट आवृत्तीचा, दुसरा संदेशाच्या प्रकाराचा, पुढे फील्ड. ३०० नग जावाच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात) चार बाइट घेतात. दर बाइटला सात बिट वापरणाऱ्या व्हॅरिंट (बदलत्या लांबीच्या पूर्णांकाच्या) पद्धतीत एसी ०२ (सोळाधारी अंकांत) हे दोनच बाइट लागतात.

देवनागरी मजकूर मात्र महाग पडतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करण्याच्या प्रचलित एन्कोडिंगमध्ये) प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून ‘चादर’ बारा बाइटांची होते. मालाचे नाव न पाठवता कोड पाठवावा. नाव पाठवायचेच असेल तर जावाची राइटयूटीएफ ही मजकूर लिहिणारी मेथड नको: त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हे, शिवाय त्याचे यूटीएफ-८ किंचित निराळे असल्याने इमोजी दुसऱ्या भाषेतील प्रोग्रामला नीट वाचता येत नाही. एन्कोडिंग कोडमध्ये स्पष्ट लिहावे. जावा १८ (२०२२) पूर्वी ते न लिहिल्यास ऑपरेटिंग सिस्टिमचे एन्कोडिंग लागू होई आणि जुन्या विंडोज संगणकावरून मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे जात.

खरी कसोटी बदलाची. काफ्कात वाचलेला संदेशही ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतो, त्यामुळे आजच्या क्लायंटला जुन्या आवृत्तीचे बाइट वाचावे लागतात. अनोळखी क्रमांकाचे फील्ड ओलांडून पुढे जाता यावे, आणि काढलेला क्रमांक पुन्हा कधीही वापरू नये. गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सची शिस्तही हीच आहे.

काफ्काचा एकच प्रोड्यूसर (संदेश पाठवणारा ऑब्जेक्ट) प्रोग्राममधील एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड वापरतात, म्हणून सीरियलायझरमध्ये सामायिक बफर (बाइट तात्पुरते ठेवण्याची जागा) ठेवू नये. वाचताना, लांबीचा आकडा उरलेल्या बाइटांपेक्षा मोठा नाही हे अ‍ॅरे तयार करण्याआधी तपासावे. नाहीतर एका खराब संदेशाने सगळी मेमरी संपून क्लायंट बंद पडू शकतो.